जखमेची नोंद

(करमाळ्यात तरुणांच्या बैठकीत केलेलं भाषण. थोडी काटछाट सोडली तर बोललो तसंच ठेवलं आहे.)



पदकांवर बोलणार म्हटल्यावर काही जणांच्या कपाळाला आठ्या पडल्या. पडू द्या. बैठकीच्या आधी एक दोस्त मला बाजूला घेऊन म्हणाला, सरकारनं छातीवर टोचलेला धातूचा तुकडा तो, त्याच्यासाठी आपण कशाला भांडायचं? आपली भांडणं काय कमी हायेत? गायरानाचं भांडण आहे, वस्तीतल्या पाण्याचं आहे, पोरींच्या स्कॉलरशिपचं आहे. त्याचं खोटं नाही. तरी मी पदकावरच बोलणार. कारण पदकाच्या मागं एक कागद असतो, आणि त्या कागदाच्या मागं भाकरी असते.

आपल्या तालुक्यात एक म्हातारे जवान आहेत. नाव सांगत नाही, त्यांनीच नको म्हणून सांगितलंय. आपण आबा म्हणू. आबा १९६९ साली फौजेत गेले. १९७१ च्या डिसेंबरात पश्चिमेच्या आघाडीवर तोफगोळ्याचा तुकडा कमरेत घुसला. पुढं पाय ओढत चालायला लागले, मेडिकल कॅटेगरी खाली आली आणि नऊ वर्षांची नोकरी करून १९७८ साली घरी. शिपायाला पेन्शन बसायला पंधरा वर्षं लागतात. नऊ वर्षांवर पेन्शन नाही. अपंगत्वाचं पेन्शन मिळालं असतं, पण त्यासाठी जखम नोकरीतली आहे असं कागदावर लागतं. आबांच्या कागदावर काय आहे? ११ डिसेंबर १९७१, डेपोतून रजेवर जाताना ट्रकवरून पडून जखमी, नॉट ऑन ड्यूटी.

बघा हं. ३ डिसेंबरला लढाई पेटली, १७ ला पश्चिमेकडं थांबली. अख्ख्या फौजेच्या रजा बंद. बाहेर होते त्यांनासुद्धा तारा करून परत बोलावलेलं. आणि त्याच पंधरवड्यात हा एकटा शिपाई मजेत रजेवर निघाला होता! बरं, ट्रकवरून पडला असं धरू. मग सोलापूरला एक्सरे काढला त्यात कमरेच्या हाडापाशी लोखंडाचा तुकडा पांढराफेक दिसतो, तो कुठल्या रस्त्यावर पडल्यावर मांसात शिरतो?

हे झालं कसं तेही सांगतो, कारण यात कुणी मोठा राक्षस नाही. आबांना लढाईच्या तोंडावर आपल्या युनिटातून काढून दुसऱ्या युनिटला अटॅच केलं. फौजेत माणूस कुठं गेला, कधी आला, आजारी पडला, लग्न केलं, पोर झालं, जखमी झाला, सगळ्याची पार्ट टू ऑर्डर निघते. ती निघाली की ते घडलं. नाही निघाली की घडलंच नाही. आबांच्या अटॅचमेंटची ऑर्डर निघाली नाही. म्हणजे देह आघाडीवर आणि कागद डेपोत. पुढं हॉस्पिटलातनं जखमी माणूस आला तेव्हा कुठल्यातरी क्लार्कला हिशोब जुळवायचा होता. डेपोतल्या माणसाला तोफगोळा लागत नाही. मग ट्रकवरून पाडला.

आता पदकांचं बघा. ७१ च्या काळातल्या बहुतेक सगळ्यांना संग्राम मेडल आहे, ते आबांना मिळालं. पश्चिमेच्या रणक्षेत्रात जे प्रत्यक्ष होते त्यांना पश्चिमी स्टार. तो नाही, कारण आबा कागदावर तिथं नव्हते. शत्रूच्या माऱ्यात जखमी झालेल्यांसाठी वूंड मेडल आलं, त्याला पराक्रम पदक म्हणतात. तेही नाही, कारण ट्रक हा काही शत्रू नव्हे. तेव्हा आबा जी दोन पदकं मागतात ती शोभेसाठी नाहीत. पदक मिळालं की नोंद फिरली. नोंद फिरली की जखम लढाईची ठरली. लढाईची ठरली की पेन्शनचा हक्क उभा राहिला. माणूस पंचाहत्तरी ओलांडून गेलाय. आयुष्यभर दुसऱ्याच्या रानात पाय ओढत राबला. अजून धान्य रेशनचंच आहे.

किती वर्षं अर्ज करतायत? मी मोजायचं सोडून दिलं. सुरुवातीला तहसिलीच्या बाहेरच्या अर्ज लिहिणाऱ्याकडून मराठीत, मग कुणा मास्तराकडून इंग्रजीत. उत्तर ठरलेलं, उपलब्ध रेकॉर्डप्रमाणे आपण त्या भागात सेवेत नव्हता. पुढं तर आणखी भारी उत्तर आलं. पेन्शन नसलेल्या शिपायाचे कागद पंचवीस वर्षांनी नष्ट करतात असा नियम आहे, त्या नियमानं आपले कागद नष्ट केले आहेत. म्हणजे चूक तुमची, चुकीमुळं पेन्शन नाही, पेन्शन नाही म्हणून कागद जाळले, आणि कागद नाहीत म्हणून चूक सुधारता येत नाही. असली गोल गाठ आपल्या बापजाद्यांना काही नवीन नाही. मंदिरात का येऊ देत नाही, तर तुम्ही अस्वच्छ. अस्वच्छ का, तर पाणवठ्यावर येऊ देत नाही.

इथं कुणीतरी विचारलं की त्या क्लार्कनं जात बघून तसं लिहिलं का? दोस्ता, तसं मी म्हणणार नाही. घाईत लिहिलं असेल, आळसानं लिहिलं असेल. पण अशी चूक वरच्या घरातल्या माणसाच्या कागदात झाली तर काय होतं? त्याचा काका वकील असतो, मेव्हणा मंत्रालयात असतो, गावातला आमदार दिल्लीला फोन लावतो. सहा महिन्यांत नोंद दुरुस्त. आबांचा बाप तराळकी करत होता आणि बायको निरक्षर. चूक सगळ्यांच्या कागदात होते, दुरुस्ती कुणाच्या होते ते बघा. जात तिथं बसलेली असते.

आणि हे आबांपासून सुरू झालेलं नाही. ते बघायला लांब जायला नको. उजनीचं फुगवट्याचं पाणी आपल्या तालुक्याला लागून आहे, आपल्याच गावांची रानं त्याच्या पोटात गेलीत. ती भीमा. तिच्या कडंनं वर चालत गेलं की कोरेगाव लागतं.

१ जानेवारी १८१८. ती लढाई तुमच्यातल्या पोरासोरांना पाठ आहे. खांबाचा पाया १८२१ साली घातला. त्यावर कंपनीच्या ४९ मेलेल्या शिपायांची नावं आहेत, त्यातली २२ नावं ‘नाक’ या अक्षरांनी संपतात. नाक म्हणजे आपली माणसं. ही लढाई जातीविरुद्ध होती की पगारासाठी होती यावर शिकलेली माणसं भांडतात, भांडू द्या. शिपाई पगारासाठीच लढतो, गोरा असो की काळा. २०१८ साली दोनशे वर्षं झाली तेव्हा तिथं जाणाऱ्यांवर दगड पडले. एका नोंदीचा लोकांना इतका राग का यावा, हा खरा प्रश्न आहे. दगडावर कोरलेली नोंद जाळता येत नाही, हे त्याचं एक उत्तर.

पण खांबाची गोष्ट सगळे सांगतात, पदकाची कुणी सांगत नाही. ती आज ऐका. त्या लढायांसाठी पदक द्यायचं कंपनी सरकारनं ठरवलं ते १८५१ साली. म्हणजे कोरेगावनंतर ३३ वर्षांनी! ‘आर्मी ऑफ इंडिया मेडल’ त्याचं नाव. १८०३ पासून १८२६ पर्यंतच्या लढायांसाठी एकच पदक, आणि रिबिनीवर ज्या त्या लढाईच्या नावाची पट्टी. त्यात कोरेगावची पट्टी होती. अट एकच, माणूस हयात पाहिजे. मेलेल्याच्या बायकोला नाही, पोराला नाही. ज्यांची नावं खांबावर आहेत त्यांना तर नाहीच नाही. विशीत लढलेला शिपाई १८५१ साली पन्नाशी ओलांडून गेलेला. किती उरले असतील? उरले त्यातल्या किती जणांच्या कानावर कोकणातल्या, देशावरच्या गावकुसाबाहेर ही बातमी गेली असेल? तोवर पटकी, दुष्काळ, म्हातारपण यांनी सरकारचं काम बरंच हलकं करून ठेवलेलं. आबांना मी हे सांगितलं तेव्हा ते हसले. म्हणाले, “म्हंजे मला अजून टाइम हाये म्हन की.”

त्याच्यापुढची पायरी म्हणजे एका माणसाची नाही, अख्ख्या जातीची नोंद खोडणं. १८९२ साली महारांची फौजेतली भरती बंद केली. गोऱ्या सेनापतींनी तोवर शास्त्र काढलं होतं की काही जाती जन्मानंच लढवय्या आणि काही नाहीत. गंमत बघा, मनूचं शास्त्र आणि ह्यांचं शास्त्र एका मापाचं निघालं. बाबासाहेब तेव्हा एक वर्षाचे होते. वडील फौजेच्या शाळेत शिक्षक, सुभेदार. ज्या छावणीत आपल्या माणसाला पहिल्यांदा अक्षर भेटलं त्या छावणीचं दार पोरगं चालायला लागायच्या आतच लागलं.

मग काय केलं आपल्या लोकांनी? अर्ज केला. महाडजवळच्या रावढळचे गोपाळबाबा वलंगकर, फौजेतून १८८६ साली निवृत्त झालेले. १८८८ साली त्यांनी ‘विटाळ विध्वंसन’ लिहून शंकराचार्यांच्या बाजूच्यांना प्रश्नांनी भंडावलं, आणि १८९४ साली भरती पुन्हा सुरू करा म्हणून सरकारसाठी अर्ज तयार केला. आम्ही मूळचे क्षत्रिय असंही त्यात मांडलं. ते आज तुम्हाला आवडणार नाही, मलाही आवडत नाही. क्षत्रिय असलो काय, नसलो काय, गोळी सारखीच लागते. पण ज्याच्या दारात उभं राहायचं त्याची भाषा त्या पिढीला बोलावी लागली. नंतर पुण्याचे शिवराम जानबा कांबळे. मेसॉनिक हॉलमध्ये बटलर होते. बटलरकी करून ‘सोमवंशीय मित्र’ नावाचं मासिक चालवणारा माणूस! आपल्या या मासिकाच्या वर्गणीसाठी तुम्ही तोंडं लपवता, तेव्हा त्यांची आठवण काढा. त्यांनी सासवडला गावोगावचे महार जमवले, सह्या घेतल्या, अर्ज केला. १९१० साली थेट भारतमंत्र्यापर्यंत अर्ज नेला. मागितलं काय तर पोलिसात, फौजेत, सरकारी नोकरीत खालच्या जागा. त्याचा पुरावा म्हणून मांडलं काय, तर आमच्या माणसांनी कंपनीसाठी रक्त सांडलं, तुमच्याच दगडावर नावं आहेत. पुढं १ जानेवारी १९२७ ला बाबासाहेबांना कोरेगावच्या खांबापाशी नेण्यात हेच कांबळे होते.

म्हणजे कोरेगावचा खांब आपल्याला आधी सणाचं ठिकाण म्हणून मिळाला नाही, पुरावा म्हणून मिळाला. हे ध्यानात ठेवा.

त्या अर्जांचं फळ? पहिलं महायुद्ध पेटलं, माणसं कमी पडली, तेव्हा १९१७ साली १११ वी महार पलटण उभी केली. लढाई संपली, गरज सरली, १९२१ साली मोडली. लढवय्येपण चार वर्षांपुरतं. दुसरं महायुद्ध आलं, बाबासाहेब व्हाइसरॉयच्या संरक्षण सल्लागार समितीत होते, आणि १ ऑक्टोबर १९४१ ला बेळगावला महार रेजिमेंट उभी राहिली. तिच्या टोपीच्या बिल्ल्यावर कोरेगावचा खांब होता. पुढं बिल्ल्यावरचा तो खांब गेला आणि कट्यार आली. चांभार रेजिमेंट १९४३ साली उभी केली, कोहिमाच्या लढाईचा मान तिनं मिळवला आणि १९४६ साली तीही मोडली. ती पुन्हा उभी करा अशी मागणी उत्तरेकडं अजून होते.

आपल्या चळवळीनं १९७२ साली नाव घेतलं ते अमेरिकेतल्या काळ्या भावांच्या ब्लॅक पँथरवरून. तर त्यांच्याकडचा हिशोबही बघू. हेन्री जॉन्सन नावाचा काळा शिपाई. १९१८ च्या मे महिन्यात फ्रान्समध्ये रात्रीच्या पहाऱ्यावर जर्मनांच्या टोळीशी एकहाती लढला. शेवटी बंदूक अडकली तर चाकूनं लढला. अंगावर २१ जखमा. फ्रान्सनं त्याला मानाचं पदक दिलं. त्याच्या स्वतःच्या देशानं काय दिलं? डिस्चार्जच्या कागदावर त्या २१ जखमांतली एकही लिहिलेली नव्हती!  १९२९ साली गरिबीतच मेला. अमेरिकेनं आपलं सगळ्यात मोठं पदक त्याच्या नावानं दिलं ते २०१५ साली, ९७ वर्षांनी. आबांना याचा फोटो मी मोबाइलवर दाखवला. बराच वेळ बघत राहिले. मग विचारलं, “ह्याची बायको काय खात आसंल तवा?”

दुसऱ्या महायुद्धात त्या सगळ्यात मोठ्या पदकाचे मानकरी चारशेच्या वर. त्यात काळा माणूस एकही नव्हता. पन्नास वर्षांनी सरकारला तपास करावा लागला आणि १९९७ साली सात काळ्या शिपायांना ते पदक दिलं. सातांतला जिवंत होता एकच, व्हर्नन बेकर. बाकी सहा जणांना ते मेल्यावर मिळालं. तपास कसा झाला? जुने कागद उकरून. कुणाच्या दयेनं नव्हे.

आता माझ्या धंद्याकडं येतो, कारण मी गोदीत लॅशिंगचं काम करतो आणि ही गोष्ट माझ्या घशात अडकलेली आहे. १९४४ साल. १४ एप्रिल, बाबासाहेबांचा वाढदिवस, ते तेव्हा सरकारात मजूर खात्याचे सभासद. मुंबईच्या व्हिक्टोरिया डॉकात ‘फोर्ट स्टायकिन’ जहाज दुपारी चारच्या सुमाराला उडालं. पोटात कापूस आणि दारूगोळा एकत्र भरलेला. तीन महिन्यांनी, १७ जुलैला, अमेरिकेत पोर्ट शिकागो बंदरात दारूगोळा चढवताना तसाच स्फोट. ३२० मेले, त्यातले २०२ काळे. कारण जहाजावर दारूगोळा चढवायचं काम काळ्यांचं आणि हुकूम सोडायचं काम गोऱ्यांचं. उरलेल्यांना थोड्याच दिवसांनी सांगितलं, चला, पुन्हा तेच काम. २५८ जणांनी नाही म्हटलं. ५० जणांवर बंडाचा खटला चालवून शिक्षा दिल्या. मेलेल्यांच्या घरच्यांना पाच हजार डॉलर द्यायचे ठरत होते, तर मेलेले बहुतेक काळे आहेत कळल्यावर एका गोऱ्या खासदारानं दोन हजारच द्या म्हणून धरलं. शेवटी तीन हजारांवर सौदा तुटला. मढ्याचा सौदा!

त्यांच्यातल्या एकाला १९९९ साली राष्ट्राध्यक्षांनी माफी दिली. इतर काहींनी माफी मागायलाच नकार दिला होता. माफी गुन्हेगाराला असते, आम्ही गुन्हा केलेला नाही, आमची नोंद दुरुस्त करा, हे त्यांचं म्हणणं. १७ जुलै २०२४ ला, बरोबर ऐंशी वर्षांनी, नौदलानं त्यांना निर्दोष ठरवलं. तोवर एकही जिवंत नव्हता.

आणि आमच्या डॉकात? आग विझवताना मेलेल्या अग्निशमन दलाच्या माणसांचा आकडा पक्का आहे, ६६. दर १४ एप्रिलला त्यांना मानवंदना देतात, ती दिलीच पाहिजे. पण एकूण मेले किती विचारा. कुणी ८०० सांगतो, कुणी १३००. मधले पाचशे कोण? ज्यांना मोजायला कुणी नव्हतं ते. ज्या धक्क्यावर मी पोलादाच्या कॉइल आवळतो, तिथं आजही ठेकेदाराच्या वहीत नाव असलं तर माणूस कामावर होता, नसलं तर नव्हता. पाय गेला तरी नव्हता. म्हणून आबांचं दुखणं मला फौजेत न जाता कळतं.

तेव्हा पदक म्हणजे तुकडा म्हणणाऱ्या दोस्ताला माझं सांगणं एवढंच, तुकडा सोडून दे, वहीवरचा हक्क सोडू नको.

आता कामाचं बोलतो. आबांच्या प्रकरणात नवीन काय घडलं ते ऐका. दिवाळीत त्यांच्या नातीनं आजीची जुनी ट्रंक उपसली. लुगड्याच्या घडीत एक आंतर्देशीय पत्र निघालं. आबांनी हॉस्पिटलातनं बायकोला लिहिलेलं. आजीला वाचता येत नव्हतं. तेव्हा शेजारच्या पोरानं वाचून दाखवलं, तिनं ते जपून ठेवलं आणि पन्नास वर्षांत पुन्हा कुणी उघडलं नाही. पत्रात फार काही नाही. मी बरा आहे, कमरेला लागलंय, काळजी करू नको, शेळी विकू नको. पण पत्रावर शिक्का आहे. फील्ड पोस्ट ऑफिसचा, नंबरासकट, तारीख २४ डिसेंबर १९७१. फील्ड पोस्ट ऑफिस फौजेबरोबर पुढं जातं, आणि कुठल्या नंबराचं ऑफिस कुठल्या फौजेबरोबर होतं हे शोधता येतं. डेपोतल्या माणसाच्या पत्रावर आघाडीचा शिक्का कसा आला, याचं उत्तर आता त्यांनी द्यायचं.

तर आपापल्या गावात जा. फौजेतून आलेले म्हातारे शोधा, त्यांच्या विधवा शोधा. डिस्चार्ज बुक बघा. पदकं असतील तर त्यांच्या कडेवर बारीक अक्षरात नंबर, हुद्दा, नाव कोरलेलं असतं, भिंग लावून वाचा, फोटो काढा. नाव जुळतं का बघा. १९५६ नंतर कित्येकांनी आडनावं बदलली, फौजेच्या कागदात जुनंच राहिलं, आणि नवरा मेल्यावर बायकोला ‘ही तीच बाई कशावरून’ म्हणून हेलपाटे घालायला लावले. जुनी पत्रं, मनिऑर्डरच्या पावत्या, हॉस्पिटलची चिठ्ठी, काही फेकू देऊ नका. माहितीच्या अधिकाराचा अर्ज दहा रुपयात होतो. ज्या युनिटला अटॅच होते त्या युनिटची वॉर डायरी मागा, एकट्या माणसाचे कागद जळाले तरी युनिटची डायरी असू शकते. बरोबरचा एखादा शिपाई हयात असेल तर त्याचं प्रतिज्ञापत्र आजच घ्या, उद्या तो नसेल. आणि सगळीकडून नकार आला तर २००७ च्या कायद्यानं फौजेतल्यांसाठी वेगळं न्यायाधिकरण आहे, त्याचं खंडपीठ मुंबईत बसतं. तिथं राहायची सोय मी करतो. खोली दहा बाय दहाची आहे, पण चार माणसं मावतात.

आबांचा नवा अर्ज लिहून झालाय. पत्राची झेरॉक्स जोडायची, मूळ पत्र कुणाच्याही हातात द्यायचं नाही, कितीही मोठा साहेब असू दे. सोमवारी सकाळच्या एसटीनं सोलापूरला जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जायचंय. आबांना पायरी चढताना धरायला एक जण पाहिजे, आणि इंग्रजी नीट वाचणारी एक मुलगी पाहिजे, नात बारावीला आहे, तिचा पेपर आहे त्या दिवशी. कोण येतंय ते आत्ताच हात वर करून सांगा.

जय भीम.